जुनी जीप घरी दुरुस्त करताना: आधी काय, मग काय

जुनी महिंद्रा किंवा जिप्सी घेतलेल्या वाचकांचे प्रश्न बहुधा एकाच वळणाचे असतात. जास्तीत जास्त किती मोठे टायर बसतील? पॉवर स्टिअरिंग करून घेऊ का? पुढे विंच लावली तर आरटीओ अडवेल का? आणि जाता जाता शेवटी एक ओळ येते: ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, किंवा पन्नास-साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, किंवा घाट चढताना पाणी उकळतं. आमच्या मते त्या शेवटच्या ओळीतच खरा प्रश्न असतो.

हा लेख दोन कुळांतल्या गाड्यांसाठी आहे. एक, महिंद्राच्या जुन्या जीप: सीजे ३बी, पुढे प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन आलेली एमएम ५४०, आणि त्यांच्या नात्यातल्या एमएम ५५०, क्लासिक, मेजर. दोन, मारुतीची जिप्सी: १९८५ साली ९७० सीसीच्या इंजिनावर सुरू झालेली आणि १९९६ पासून १२९८ सीसीची 'किंग' म्हणून चाललेली. दोन्हींना चारही बाजूंना पाटे आहेत, पुढे-मागे सलग ॲक्सल आहे आणि फोर-व्हीलचा दांडा हाताने टाकायचा आहे. त्यामुळे दोन्हींची दुखणीही बरीचशी सारखी.

आमचं म्हणणं सरळ आहे. गाडी आधी तिच्या मूळ अवस्थेला आणा, मग वाढवा. क्रम असा ठेवा: कागद, ब्रेक, स्टिअरिंग, पाणी, दिवे. हे पाच झाल्याशिवाय सहाव्या गोष्टीवर खर्च करू नका.

पाना उचलण्याआधी आरसी उचला

ज्या गाडीवर तुम्ही वर्षभर रविवार घालवणार, ती कायद्याने तुमची आणि रस्त्यावर चालवण्याजोगी आहे ना, हे पहिल्या दिवशी बघा.

- चासी नंबर. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. त्या जागेवर ग्राइंडर, वायर ब्रश किंवा वेल्डिंग कधीही चालवू नका. गंज काढण्याच्या नादात अंक पुसट झाले, तर खाडाखोड केल्याचा संशय तुमच्यावरच येतो.
- इंजिन नंबर आणि इंधन. पूर्वी पेट्रोलवर असलेल्या कितीतरी जीपना नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं. आरसीवर 'पेट्रोल' आणि बोनेटखाली डिझेल असेल, तर सौदा तिथेच थांबवा.
- बॉडीचा प्रकार, आसनं, रंग. आरसीवर हार्ड टॉप असेल आणि समोर ताडपत्री टप असेल, तर हा फरक पुनर्नोंदणीच्या वेळी निघतोच.
- मुदत. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५ लागतो आणि मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत तो भरता येतो.

नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या हलक्या मोटार वाहनांसाठी १०,००० रुपये. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. महाराष्ट्रात १५ वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. गाडीची किंमत ठरवताना ही रक्कम धरूनच बोलणी करा.

'१५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते' ही समजूत फार पसरली आहे. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचं जे बंधन आलं, ते महाराष्ट्रातल्या खासगी गाड्यांना लागू नाही. इथे तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली आणि कर भरला, की पुढची ५ वर्षं मिळतात.

हरियाणातल्या मंडी डबवालीहून येणाऱ्या उघड्या, चकचकीत जीपबद्दलही वारंवार विचारलं जातं. तिथले कारागीर हुशार आहेत, याबद्दल वाद नाही. पण जुळवून तयार केलेल्या जीपची चासी एका गाडीची, इंजिन दुसऱ्या गाडीचं आणि आरसी तिसऱ्याच गाडीची असू शकते. मूळ राज्याची एनओसी, लष्करी लिलावातली असल्यास विक्रीचे मूळ कागद आणि चासी नंबरची स्वतः केलेली पडताळणी, या तिन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. फोटो बघून तर नकोच.

कशाला परवानगी लागते, काय चालत नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे, बेकायदा बदल केल्यास मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

व्यवहारात याचे तीन कप्पे पडतात.

1. बेधडक करा: झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा, त्याच प्रकारचा नवा भाग. लायनर, बेअरिंग, पाटे, रेडिएटर, वायरिंग, सीट कव्हर, टप. याला कुणाची परवानगी लागत नाही.
2. आधी अर्ज, मग काम: त्याच कंपनीचं आणि त्याच प्रकारचं दुसरं इंजिन, सीएनजी किट, रंगबदल. परवानगी घ्या, काम झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा आणि आरसीवर नोंद करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते.
3. नकोच: चासी कापणं किंवा लांबवणं, दुसऱ्या कंपनीचं इंजिन, ॲक्सलच्या वर पाटे चढवून गाडी फूटभर उंच करणं. पुढचा लोखंडी गार्डही याच कप्प्यात टाका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना लेखी कळवलं होतं. पायी चालणाऱ्याला त्याची धडक जीवघेणी ठरते, हे कारण दंडापेक्षा मोठं आहे.

डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग असे बदल या तीन कप्प्यांच्या मधे पडतात. कुणी "सगळे करतात, काही होत नाही" म्हणालं तरी आरटीओत लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने न कळवलेला बदल दाखवला, की दावा अडकतो.

हत्यारांतला एक घोळ

महागडा पेटीसेट लागत नाही. ३ टनी जॅक, दोन मजबूत घोड्या, रिंग पाने, गोटी पाने, ग्रीस गन, फिलर गेज आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर निम्मी कामं होतात.

पण जीपवाल्यांनी एक लक्षात घ्या. या गाडीचं मूळ विलिसचं आहे, त्यामुळे चासी आणि ॲक्सलचे नटबोल्ट इंची मापाचे. आणि एमएम ५४० चं प्यूजो इंजिन मिलिमीटरचं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की डोक्याचे कोपरे गोल होतात, आणि मग तो बोल्ट काढायला गॅस कटरवाला बोलवावा लागतो. दोन्ही मापांचे पाने घ्या आणि वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. जिप्सीला ही कटकट नाही. ती सगळी मिलिमीटरची आहे.

गंजलेला बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडा.

गाडीखाली जाण्याआधी

इथे जरा थांबून वाचा, कारण ही गोष्ट मोटारीची सवय असलेल्या माणसाला माहीत नसते. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्याचे दोन परिणाम होतात. मागचं एक चाक जॅकवर उचललं, की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळं फिरू शकतं, म्हणून जमिनीवरचं दुसरं चाकही मोकळं होतं आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही जीप सरकते. आणि जॉइंट क्रॉस बदलायला मागचा प्रोपेलर शाफ्ट काढलात, तर हँडब्रेक आणि गिअर दोन्हींचा मागच्या चाकांशी संबंधच तुटतो.

म्हणून:

- सपाट, पक्की जागा. उतारावर काम नाही, शेणामातीच्या अंगणातही नाही.
- जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे.
- जॅक फक्त उचलायला, वजन घोडीवर. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक घोडीच्या जागी कधीही नकोत. ते इशारा न देता फुटतात.
- विजेचं किंवा वेल्डिंगचं काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढा. वेल्डिंगच्या आधी अल्टरनेटरच्या वायरीही सोडा. टाकीजवळ वेल्डिंग असेल तर टाकी उतरवा.
- घरात कुणाला तरी सांगून ठेवा की तुम्ही गाडीखाली आहात.

ब्रेक: इथे काटकसर नको

जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम आहेत आणि बऱ्याच जणींची ब्रेक लाइन एकाच सर्किटची. म्हणजे कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक जातात. म्हणून ब्रेक ऑइल कमी होतंय असं दिसलं, तर वर भरून गाडी चालवत राहू नका. गळती शोधा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही बाजूंचे ड्रम उघडा आणि तुलना करा. लायनर तेलकट दिसला तर तेल हबच्या ऑइल सीलमधून आलंय की व्हील सिलिंडरमधून, ते आधी ठरवा. गिअर ऑइल जाडसर आणि उग्र वासाचं असतं, ब्रेक ऑइल पातळ. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, तापला की ते तेल पुन्हा वर येतं. एका बाजूचा लायनर खराब झाला तरी त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला.

ड्रमला आत खाच पडली असेल तर लेथवर फिरवून घेता येतो, पण त्याला मर्यादा आहे. कमाल व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो. लेथवाल्याला काम देताना तो दाखवा. मागचा हब टेपर शाफ्टवर बसलेला असेल, तर पुलरशिवाय काढू नका. हातोड्याने ठोकलात तर शाफ्टचे आटे आणि बेअरिंग दोन्ही जातात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा आतली धूळ हवेने फुंकायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची.

काम झालं की हवा काढा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडून पुन्हा आवळायचा, मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की बाहेर गेलेली हवा परत आत येते. मास्टर सिलिंडरची बाटली मधे रिकामी होऊ देऊ नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला आणि उघडी राहिलेली अर्धी बाटली पुढच्या वेळी वापरू नका. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

एका सर्किटची लाइन असेल, तर तुमच्याच कुळातल्या नंतरच्या मॉडेलचा दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवून घेणं हा आमच्या मते या गाडीवरचा सगळ्यात मोलाचा बदल. पण पाइपलाइन नव्याने वाकवायचं ते काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्या.

स्टिअरिंगची थरथर: डॅम्पर लावून झाकू नका

ठरावीक वेगाला किंवा खड्डा लागला की पुढची चाकं जोरात थरथरतात, आणि गाडी जवळपास थांबवेपर्यंत ती थरथर जात नाही. दुकानदार स्टिअरिंग डॅम्पर देतो. थरथर कमी होते, झीज मात्र आत चालूच राहते. स्वस्त कारणापासून महागाकडे असं शोधत जा:

1. टायरमधली हवा, रिमच्या आत सुकलेला चिखल, टायरचा फुगवटा, बॅलन्सिंग. कोकणातली लाल माती रिमच्या आत घट्ट बसते आणि तेवढ्यानेही चाक हलतं.
2. टाय रॉडची टोकं आणि ड्रॅग लिंक. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, तुम्ही खाली वाकून एकेक सांधा बघायचा. दांडा हलल्यावर सांध्याचं पुढचं टोक उशिरा हललं, तर तो सांधा गेला.
3. पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्स चासीला धरून ठेवणारे बोल्ट.
4. व्हील बेअरिंग आणि किंगपिन.

चौथ्यासाठी एक साधी चाचणी आहे. पुढचं चाक उचला, घोडी लावा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखडलं, तर जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिनची बेअरिंग झिजली आहेत. व्हील बेअरिंग धुणं, ग्रीस भरणं, ताण लावणं हे घरी जमतं. किंगपिनचा ताण पातळ शिमने बसवतात आणि टाय रॉड सोडून स्प्रिंगकाट्याने ओढून मोजतात. मॅन्युअल जवळ असेल आणि हात बसला असेल तरच करा. "दोन शिम काढून टाका, आवळ होईल" असं अंदाजपंचे काम करून घेऊ नका; फार आवळ झालं की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही.

गाडी उंच करायला पुढे लांब शॅकल लावलेले असतील, तर पुढच्या ॲक्सलचा कोन बदललेला असतो आणि वरचं सगळं ठीक करूनही थरथर जात नाही. अशा वेळी मूळ मापाचे शॅकल परत लावा.

घाटात उकळणारं पाणी

बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो 'थर्मोस्टॅट काढून टाका.' काढला की आकडा खाली येतो, म्हणून दुखणं बरं झाल्यासारखं वाटतं. पण मग डिझेल इंजिन कधी नीट तापतच नाही, जास्त पितं आणि लवकर झिजतं. मुळात उकळण्याचं कारण बहुधा दुसरंच असतं: फॅन बेल्ट सैल, फॅनभोवतीचं कवच कुणीतरी काढून टाकलेलं, रेडिएटरचं झाकण दाब धरत नाही, किंवा रेडिएटर आतून क्षाराने भरलेला.

गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या पुढच्या बाजूने हात फिरवा. मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. रेडिएटरवाल्याकडून टाक्या उघडून सळी मारून घ्या. नंतर बोअरचं पाणी घालू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं, किंवा रेडिएटरमध्ये थंड इंजिन सुरू केल्यावर सारखे बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवणं थांबवा.

दिवे: बल्बपेक्षा वायर बघा

"उजेडच पडत नाही, १०० वॅटचे बल्ब टाकू का?" नको. इंजिन चालू ठेवून दिवे लावा. मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि सॉकेटवर १२ च्या आसपास आलं, तर बाकीचं तीस वर्षांच्या वायरीत, गंजलेल्या अर्थमध्ये आणि स्विचमध्ये जिरतंय. व्होल्टेज १० टक्क्यांनी पडलं की हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. मोठा बल्ब टाकलात तर त्याच वायरीतून जास्त करंट जाईल, ती तापेल आणि स्विच वितळेल.

उपाय स्वस्त आहे. लो आणि हायसाठी एकेक रिले, बॅटरीपासून फ्यूज लावून ताजी जाड वायर, आणि चासीला घासून लखलखीत केलेला अर्थ. जुना स्विच मग फक्त रिलेला इशारा देतो. ५५-६० वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण १० अँपिअर घेतात. फ्यूज १५ चा पुरतो. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, दिव्याजवळ नको. हे काम एका दुपारचं आहे आणि पहिल्यांदा हत्यार धरणाऱ्यालाही जमेल.

गंज आणि फोर-व्हील, थोडक्यात

चासीवर, पाट्यांच्या हँगरपाशी आणि बॉडी जिथे टेकते तिथे लहान हातोडीने टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जाड आहे. बद्द आवाज आला तर आत पापुद्रे सुटलेत. जिप्सीत मॅट उचलून मागच्या चाकांवरचा आणि पायाखालचा पत्रा बघा. वरून पुट्टी मारून रंगवलेला गंज दोन पावसाळ्यांत बाहेर येतो, तेव्हा कुजलेला पत्रा कापून नवा लावून घ्या. चासीवरचं वेल्डिंग मात्र पत्र्याच्या डेंटरकडे देऊ नका.

फोर-व्हीलचा दांडा कोरड्या डांबरावर टाकू नका. पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फरक सोसणारं काही नसल्यामुळे वळणावर सगळा ताण गिअरांवर येतो आणि दांडा अडकून बसतो. महिन्यातून एकदा मातीवर थोडं अंतर चालवा म्हणजे आतले भाग तेलात फिरत राहतात. ओढ्यातून गाडी घातली असेल तर घरी आल्यावर डिफरन्शियलचं तेल तपासा. दुधाळ झालं असेल तर लगेच बदला आणि ॲक्सलवरचा ब्रीदर चिखलाने बुजलाय का बघा. काढलेलं जळकं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. डब्यात भरून, ते गोळा करणाऱ्या सर्व्हिस स्टेशनला द्या.

आता हौस

टायर. जिप्सीच्या २०५/७० आर१५ चा बाहेरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर१५ चा सुमारे ७३३. म्हणजे जवळजवळ १० टक्के मोठं चाक: स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६६ ने चाललेले असाल, चढावर ओढ कमी होईल आणि ब्रेकवर ताण वाढेल. आमचा सल्ला: व्यास कंपनीच्या मापाच्या जवळ ठेवा आणि पैसे चांगल्या नक्षीच्या टायरवर घाला. चिखलात मापापेक्षा नक्षीने आणि नेमक्या हवेने जास्त फरक पडतो.

पाटे. बसायला कडक लागतं म्हणून लोक दोन पाने काढून टाकतात. आधी पाटे उतरवून, गंज घासून, पानांमध्ये ग्रीस भरून आणि नवे बुश टाकून बघा. कितीतरी गाड्या तेवढ्यानेच मऊ होतात. यू-बोल्ट जुने परत वापरू नका, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

इंजिन बदल. २११२ सीसीचं थकलेलं प्यूजो काढून दुसरं काही घालण्यापेक्षा त्याचंच ओव्हरहॉल करा. कागद तसेच राहतात, गिअरबॉक्सशी जुळणी तीच राहते, गाडी विकताना प्रश्न येत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या ताकदवान इंजिनाचा मोह समजण्यासारखा आहे, पण त्या ताकदीला जुने ब्रेक आणि जुनं ॲक्सल पुरणार नाहीत.

पार्ट घेताना

पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणखी लांब दिल्लीचं काश्मिरी गेट, इथे जुने-नवे पार्ट मिळतात. जुना भाग खिशात घेऊन जा. नावावर विश्वास ठेवू नका. सीजे आणि एमएमच्या सारख्या दिसणाऱ्या भागांत आटे आणि स्प्लाइन वेगळे निघतात.

- नवेच घ्या: ब्रेकचे सगळे रबर आणि सिलिंडर, होजपाइप, बेअरिंग, ऑइल सील, टाय रॉडची टोकं.
- जुने चालतात: ॲक्सलचं हौसिंग, गिअरबॉक्सचा केस, बोनेट, दरवाजे, रिम (वाकलेली नसेल तर).
- जुनं इंजिन घेताना पक्कं बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर निघून या. चोरीचा माल निघाला तर स्वस्तात घेतल्याचं समाधान पोलिस ठाण्यात उपयोगी पडत नाही.

गॅरेजला काम दिलंत तर

इंजेक्टर पंप, क्राउन-पिनिअनचं सेटिंग, चासीचं वेल्डिंग आणि ब्रेकची नवी पाइपलाइन ही कामं घरी करू नका. गॅरेजमध्ये गाडी सोडताना:

- कामाची यादी आणि अंदाजे खर्च लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. 'वाढीव काम निघालं तर विचारून करा' हे वाक्य त्यात असू द्या.
- बदललेले जुने भाग परत मागा. भाग बदललाच नाही, हा वाद त्यामुळे उरत नाही.
- पार्ट आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारं बिल घ्या. बिलाशिवाय पुढचं काही सिद्ध करता येत नाही.

बिलावरून वाद झाला तर एक कायदेशीर बाजू माहीत असू द्या: केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याने गॅरेजला दिलेला आहे. त्यामुळे हमरीतुमरी करण्यापेक्षा 'हरकत राखून पैसे देत आहे' असं बिलावर लिहून गाडी सोडवा आणि मग तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तेवढ्याने मिटलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी चालतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावावाच लागतो असंही नाही.

पुनर्नोंदणीच्या तपासणीला जाताना

आदल्या दिवशी सगळे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, स्पीडोमीटर, हँडब्रेक, टायर आणि मागचे रिफ्लेक्टर तपासा. पीयूसी, विमा, उच्च सुरक्षा नंबरप्लेट तयार ठेवा. चासी नंबरची जागा धुऊन ठेवा. रस्त्यात कुणी कागद मागितले तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधली आरसी मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहे.

तपासणीत गाडी नाकारली गेली तर नाराज होऊन एजंट शोधत फिरू नका. कारण लेखी मागा. सांगितलेली दुरुस्ती रास्त असेल तर ती करून पुन्हा दाखवा. नकार चुकीचा वाटत असेल तर कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, आणि त्यासाठी तोच लेखी आदेश हातात असावा लागतो.